पावडरचा काटा घेताय? डिस्प्लेवरचे आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा

रायफलची काडतुसं घरी भरायला लागणारा माणूस प्रेस आणि डाय (काडतूस दाबून तयार करायचं यंत्र आणि त्याचे साचे) निवडण्यात महिनाभर डोकं घालवतो आणि पावडर म्हणजे बंदुकीची दारू तोलायचा काटा मात्र जाता जाता उचलतो, उरलेल्या पैशात जो बसेल तो. मीही तेच केलं होतं. एका संध्याकाळी ५० काडतुसं भरून झाली, रिकामं पॅन परत काट्यावर ठेवलं आणि ०.० यायच्या जागी ०.४ ग्रेन (पावडर मोजायचं बारीक माप) आलं. उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा ०.४. आता हा शून्य पहिल्या काडतुसापासूनच सरकलेला होता, की पंचविसाव्यापासून सरकायला लागला, की शेवटच्या पाच मिनिटांत सरकला, कळायला काही मार्गच नाही. बुलेट पुलर, म्हणजे काडतुसातली गोळी ओढून काढायचं साधन, घेतला आणि ५० च्या ५० उघडली. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे काटा जास्त दाखवत होता, म्हणजे पावडर कमी पडत होती. उलटा सरकला असता आणि मी कमाल लोडच्या, म्हणजे काडतुसात जास्तीत जास्त चालणाऱ्या पावडरच्या जवळ असतो तर काय, हा विचार त्या रात्री बराच वेळ डोक्यात होता.

तेव्हापासून कोणी विचारलं की कुठला काटा घेऊ, की मी आधी एकच विचारतो, तो काटा खोटं बोलायला लागला तर तुम्हाला कळणार कसं? दशांशापुढे किती आकडे दिसतात हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

(तुम्ही राहता तिथल्या कायद्यात घरी काडतुसं भरायला परवानगी आहे आणि तुमच्याकडे पावडर बनवणाऱ्या कंपनीचं चालू लोडिंग मॅन्युअल आहे हे मी धरूनच चाललोय. लोडचे आकडे इथे एकही देणार नाही, उदाहरणातला ४५ ग्रेन हा फक्त गणितासाठी आहे, तो कुठल्याही केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळीत, ओतू नका.)

आधी मापाचं बघू. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड, आणि एका ग्रॅममध्ये साधारण १५.४३ ग्रेन. म्हणजे एक ग्रेन जेमतेम ६४.८ मिलिग्रॅमचा आणि आपण ज्या ०.१ ग्रेनवर वाद घालतो तो साडेसहा मिलिग्रॅम. लांबट दाण्याच्या रायफल पावडरचा एक दाणा साधारण ०.०२ ग्रेनच्या आसपास भरतो, पावडरप्रमाणे थोडं इकडे तिकडे. तर ०.१ ग्रेन म्हणजे चार-पाच दाणे. हे डोळ्यासमोर ठेवलं की जाहिरातीतले निम्मे दावे आपोआप जागेवर येतात.

आता एवढी अचूकता तुम्हाला लागते का? ४५ ग्रेनच्या चार्जमध्ये, म्हणजे एका काडतुसात टाकायच्या पावडरमध्ये, ०.१ म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी, आणि मध्यम आकाराच्या रायफल केसमध्ये तेवढ्याने वेग ढोबळमानाने सेकंदाला दीड-दोन मीटर बदलतो. १०० मीटरवर हे टार्गेटवर दिसतसुद्धा नाही, तिथे तुमचा ट्रिगरवरचा हात यापेक्षा मोठ्या चुका करतो. गंमत म्हणजे १००-२०० यार्डांवर बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून अचूक नेमबाजी) खेळणारे, जे गोळीवर गोळी मारतात, त्यातले कितीतरी जण पावडर तोलतच नाहीत, पावडर मेजरने, म्हणजे वजनाऐवजी आकारमानाने मोजणाऱ्या मापाने, मापून सरळ केसमध्ये टाकतात. पण १००० मीटरवर तेच दीड-दोन मीटर काही सेंटीमीटरचा वर-खाली फरक होऊन समोर येतात आणि तिथे मिलिग्रॅमवाल्या काट्याचा खर्च समजण्यासारखा आहे. शिकारीसाठी किंवा ३०० मीटरपर्यंतच्या शूटिंगसाठी ०.१ ग्रेनचा प्रामाणिक काटा भरपूर झाला. प्रामाणिक हा शब्द महत्त्वाचा.

कारण डिस्प्लेवर ०.१ दिसणं आणि काटा ०.१ पर्यंत बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो काटा ०.१ च्या पायऱ्या दाखवतो त्याला ४४.९५ पण ४५.० आहे आणि ४५.०४ पण ४५.० च आहे, हा फरक नुसता आकडा गोल केल्याचा. त्यावर माहितीपत्रकात अचूकता ±०.१ लिहिलेली असेल तर ४५.० वाचलेली दोन काडतुसं एकमेकांपासून ०.२ किंवा थोडी जास्तच लांब असू शकतात. बऱ्याच ऑटोमॅटिक डिस्पेन्सरचा, म्हणजे बटण दाबलं की स्वतः पावडर टाकणाऱ्या मशीनचा दावा हाच असतो, ±०.१. वाईट नाही, पण त्याला ०.०२ समजून चालू नका.

बीम स्केल, म्हणजे दांडीवाला काटा

माझं मत ऐकायचं असेल तर पहिला काटा दांडीवालाच घ्या. बॅटरी नाही, वॉर्म-अप नाही, मोबाईल शेजारी ठेवला तरी त्याला पत्ता नाही. एका बाजूला पॅन, दुसऱ्या बाजूला खाचांवर सरकणारी वजनं, आणि मधे स्टीलची धार अ‍ॅगेटच्या म्हणजे अकीक दगडाच्या खाचेत टेकलेली. बहुतेक चांगल्या काट्यांत दांडीच्या टोकाला तांब्याची पट्टी दोन चुंबकांच्या मधून फिरते, पट्टी हलली की तिच्यात वीज फिरते आणि तीच तिला आवरते, म्हणून दांडी मिनिटभर डुलत न बसता दोन-तीन झोक्यांत थांबते, आणि कुठेही काही घासत नसल्यामुळे वाचन बिघडत नाही. आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. दांडी वजनाची तुलना वजनाशीच करते, त्यामुळे काटा समुद्रकिनाऱ्यावर न्या नाहीतर डोंगरावर, वाचन तेच. डिजिटल काटा खरं तर दाब मोजतो आणि पृथ्वीचं ओढणं विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत अर्ध्या टक्क्याने बदलतं, म्हणजे ४५ ग्रेनमध्ये ०.२ ग्रेन. एवढा लांबचा प्रवास कोणी करत नाही हे खरं, पण डिजिटल काटा नव्या जागी नेला की कॅलिब्रेट करायचा तो यासाठी.

ओहॉस कंपनीने बनवलेले जुने बीम स्केल, जे आरसीबीएस या कंपनीच्या नावानेही विकले गेले, ५-०-५ आणि १०-१० वगैरे, ते आजही लोक जपून वापरतात आणि सेकंड हँड मिळाले तर सोडत नाहीत. सेकंड हँड घेताना दांडी उचलून स्टीलच्या धारा भिंगाखाली बघा, धार बोथट झालेली किंवा दगडाला कपचा उडालेला असेल तर काटा एका जागी अडकतो आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतो. खाचेत पावडरचा एक दाणा किंवा धूळ असली तरी तेच होतं, ती मऊ ब्रशने साफ करायची. तेल अजिबात टाकायचं नाही! मी एक काटा असा बघितलाय ज्याला आधीच्या मालकाने प्रेमाने तेल पाजलं होतं, तेलात धूळ, धुळीत पावडर, दांडी चिखलात रुतल्यासारखी हलायची.

क्षमतेकडेही बघा. ली कंपनीचा छोटा काटा पैशाच्या मानाने खूप संवेदनशील आहे पण तो १०० ग्रेनपर्यंतच मोजतो, त्यामुळे पावडर होते पण १६८ ग्रेनची बुलेट तोलता येत नाही. फक्त पावडरच तोलायची असेल तर काही अडत नाही. बुलेट आणि रिकाम्या केसेस वजनाने वेगळ्या काढायच्या असतील तर ५०० ग्रेनच्या आसपासचा घ्या. हेच डिजिटलला लागू, २० ग्रॅमचा खिशात मावणारा काटा म्हणजे फक्त ३०८ ग्रेन, आणि त्यात पॅनचं वजन पण आलं.

दांडीवाल्याचे दोष दोन. एक म्हणजे तो हळू आहे. दुसरा जास्त गंभीर, मोठं वजन ५ किंवा १० ग्रेनच्या खाचांवर बसतं आणि ते एक खाच चुकीचं बसलं तर चूक ०.१ ची होत नाही, अख्ख्या ५ किंवा १० ग्रेनची होते. दांडीवर झालेल्या सगळ्यात धोकादायक चुका याच. वजन अर्धवट खाचेत बसलेलं असेल तर तेही फसवतं. म्हणून सेट केल्यावर आकडा मोठ्याने वाचायचा, मग कागदावरच्या आकड्याशी जुळवायचा, आणि मग चेक वेट, म्हणजे नक्की माहीत असलेलं प्रमाणित वजन, ठेवून बघायचं. बाकी तो डोळ्याच्या उंचीवर ठेवा, टेबलावर खाली ठेवून वरून बघितलं की काट्याचं टोक शून्याच्या रेषेवर आहे असं वाटतं आणि असतं भलतीकडेच. माझा एका फळीवर आहे आणि समोर जुन्या फोनचा कॅमेरा लावलाय, टोक आणि रेष स्क्रीनवर मोठी दिसतात, मान मोडत नाही. असं केलं की साधा ०.१ चा बीम स्केल एका दाण्याला हललेला स्पष्ट दिसतो.

डिजिटल घ्यायचाच असेल तर आत काय आहे ते विचारा

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या डिजिटल काट्यात लोड सेल असतो, म्हणजे धातूची छोटी पट्टी जी वजनाखाली किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज ते वाकणं विजेत मोजतात. धातू तापला की वाकणं बदलतं, वजन बराच वेळ तसंच ठेवलं तरी पट्टी हळूहळू आणखी दबत राहते, आणि यालाच आपण ड्रिफ्ट म्हणून शिव्या घालतो. दुसरा प्रकार मॅग्नेटिक फोर्स रिस्टोरेशनचा, त्यात चुंबकातली कॉइल वजनाला उलटं ढकलून पॅन आहे तिथेच धरून ठेवते आणि त्यासाठी किती करंट लागला यावरून वजन काढतात. लॅबमधल्या काट्यात हेच असतं. ए अँड डीचा एफएक्स-१२०आय लांब पल्ल्याच्या शूटर्समध्ये इतका दिसतो तो यामुळेच, क्षमता १२२ ग्रॅम, पायरी ०.००१ ग्रॅम, म्हणजे ग्रेनमध्ये ०.०२, एक दाणा टाकला की एक दाणा दाखवतो आणि पटकन दाखवतो, त्याला जोडायचे ऑटो ट्रिकलरही (ट्रिकलर म्हणजे पॅनमध्ये एकेक दाणा टाकायचं साधन) मिळतात. महाग आहे, पण निदान पैसे कुठे गेले ते कळतं.

आता खिशातला स्वस्त काटाही ०.००१ ग्रॅमच दाखवतो, मग तो का नको? तर करून बघा. पॅनमध्ये ठरलेल्या चार्जपेक्षा थोडी कमी पावडर घ्या, समजा काटा ४३.८ दाखवतोय. आता ट्रिकलरने एकेक दाणा टाका, टप, थांबा, टप, थांबा. दहा दाणे पडले, पॅनमध्ये पडताना दिसले, आवाज आला, आणि डिस्प्ले ४३.८ वरच बसून आहे. आता पॅन उचला आणि परत ठेवा, ४४.०. झालं काय, तर बऱ्याच डिजिटल काट्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हळू होणारा बारीक बदल हा ड्रिफ्ट समजून गिळून टाकायची सोय असते, रिकामा काटा शून्यावर स्थिर दिसावा म्हणून ती केलेली, पण हळूहळू दाणे टाकणं आणि ड्रिफ्ट यातला फरक त्याला कळत नाही. तुम्ही दाणे टाकत राहता आणि चार्ज वर वर जात राहतो. असा काटा हातात असेल तर उपाय एवढाच, थोडे थोडे दाणे एकदम टाका आणि शेवटचं वाचन पॅन उचलून परत ठेवूनच घ्या. काही काट्यांत ही सोय बंद करता येते, मॅन्युअलमध्ये झिरो ट्रॅकिंग या नावाखाली बघा, आणि घेण्याआधीच बघा.

डिजिटलचे नखरे पण माहीत असू द्या. चालू करून किमान अर्धा तास तसाच ठेवायचा, बरेच जण तर कायम चालूच ठेवतात. पंख्याचा किंवा एसीचा झोत नको, खिडकीतलं ऊन नको, मोबाईल लांब, आणि काटा टेबलावर लेव्हलमध्ये. ट्यूबलाइटमुळेही काही काटे वेड्यासारखे करतात. माझ्या त्या ०.४ च्या प्रकरणात शेवटी हेच निघालं, काट्याच्या बरोब्बर वर ट्यूब होती आणि मी काटा चालू केल्या केल्या भरायला बसलो होतो, ट्यूब बंद करून तासभर थांबलो तर तोच काटा जागेवरून हलेना. आणि हवा कोरडी असेल तर स्टॅटिक, प्लॅस्टिकच्या पॅनला आणि फनेलला दाणे चिकटतात आणि वाचन स्वतःहून चालतं, म्हणून पॅन धातूचं बरं.

युनिटच्या बटणाबद्दलही सांगून टाकतो. या काट्यांवर ग्रॅम, ग्रेन, कॅरट, औंस सगळं एकाच बटणावर असतं आणि पॅन ठेवताना ते सहज दाबलं जातं. ग्रॅम आणि ग्रेनमधला फरक एवढा मोठा की लगेच लक्षात येईल असं वाटतं, पण रात्री अकरा वाजता चाळीसाव्या काडतुसाला माणसाच्या काय लक्षात येईल ते सांगता येत नाही. डिस्प्लेवर ग्रेनची खूण ठळक दिसते का हे दुकानातच बघून घ्या, आणि बॅकलाइटही, बऱ्याच काट्यांत तो आपोआप बंद होतो आणि चिडायला होतं. काही काटे तर दोन मिनिटांत अख्खे बंद होतात, असा अजिबात घेऊ नका, प्रत्येक वेळी नवा शून्य म्हणजे प्रत्येक वेळी नवा काटा.

चेक वेट

काट्याच्या बजेटमधून चेक वेटचे पैसे आधी बाजूला काढा. वजनांचे दर्जे ओआयएमएल या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात ठरलेले आहेत, एम१, एफ२, एफ१, ई२ असे चढत जातात. एम१ दर्जाच्या २ ग्रॅमच्या वजनात १.२ मिलिग्रॅमपर्यंत आणि १ ग्रॅमच्या वजनात १ मिलिग्रॅमपर्यंत फरक चालतो. दोन्ही एकत्र ठेवले की ३ ग्रॅम म्हणजे ४६.३ ग्रेन, आणि वाईटात वाईट चूक २.२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ ग्रेनच्या आसपास. ०.१ ग्रेनच्या काट्याला हे पुरतं. ०.०२ वाला काटा असेल तर एफ२ घ्या, तिथे याच दोन वजनांची मिळून चूक ०.७ मिलिग्रॅमच्या आत असते. चिमट्याने उचला, बोटाचा तेलकटपणा पण वजनात येतो.

काट्याबरोबर जे कॅलिब्रेशनचं वजन येतं, ५० किंवा १०० ग्रॅमचं, त्यावर समाधान मानू नका. त्याने काटा त्या टोकाला बरोबर आहे एवढंच कळतं, तुमचा चार्ज खाली तीन ग्रॅमवर आहे आणि तिथे काटा काय बोलतो ते वेगळं विचारावं लागतं. चार्जच्या जवळचं वजन सुरुवातीला ठेवायचं, मग दर दहा काडतुसांनी एकदा, आणि शेवटी एकदा. मी हे त्या दिवशी केलं असतं तर ५० च्या जागी फार तर दहा उघडावी लागली असती.

आणखी एक फुकटची युक्ती, डिजिटलवर पॅन ठेवून शून्य केलं की पॅन उचलल्यावर डिस्प्ले पॅनचं वजन मायनसमध्ये दाखवतो, समजा −१५२.४. हा आकडा मार्करने पॅनच्या बुडाला लिहून ठेवा. प्रत्येक वेळी पावडर केसमध्ये ओतायला पॅन उचलाल तेव्हा हाच आकडा दिसला पाहिजे, −१५२.२ दिसला तर शून्य सरकलाय, तिथेच थांबायचं. फक्त काही काटे शून्याच्या जवळचे फरक पोटात घालतात तसं इथे होत नाही ना, ते एकदा चेक वेटने पडताळून घ्या.

नवीन काटा आणला की पहिल्या दिवशी पावडरला हातच लावू नका. चालू करून तापू द्या, पॅन आणि ३ ग्रॅमचं वजन ठेवा, वाचन लिहा, उचला, परत ठेवा, असं दहा वेळा. दहाही वाचनं एकाच पायरीच्या आत असतील तर उत्तम. मग वजन पॅनच्या चारही कडांना सरकवून बघा, कडेला ठेवल्यावर आकडा बदलत असेल तर पावडर पॅनमध्ये कुठे पडली यावर तुमचा चार्ज ठरणार. मग वजन तसंच अर्धा तास ठेवून चहाला जा आणि येऊन बघा. जो काटा दहा वेळा सारखाच पण ०.१ ने जास्त सांगतो तो मला चालतो, कारण मी त्याच काट्यावर खालून लोड वाढवत आलेलो असतो आणि चेक वेटमुळे ती चूक मला माहीत असते. जो कधी ०.१ कमी आणि कधी ०.१ जास्त सांगतो तो परत करा, त्यासाठीच बिल आणि खोकं जपून ठेवायचं.

ऑटोमॅटिक डिस्पेन्सर घ्यायचा विचार असेल तर त्याच्या शेजारी वेगळा काटा हवाच, त्याचा चार्ज मधून मधून दुसऱ्या काट्यावर टाकून बघायला. आणि कुठलाही काटा असो, बुलेट बसवण्याआधी सगळ्या केसेस लोडिंग ब्लॉकमध्ये ठेवून टॉर्चने आत बघायचं, एखाद्या केसमध्ये पावडर उंच किंवा खाली दिसली की ती ओतून परत तोलायची. खाच चुकल्याची पाच-दहा ग्रेनची चूक इथेही सापडू शकते, पण एखादी दुसऱ्यांपेक्षा वेगळी असेल तरच. सगळ्याच चुकीच्या असतील तर सगळ्या सारख्याच दिसतात, तिथे पुन्हा चेक वेटच लागतं.

सध्या माझ्याकडे चार्जसाठी दांडीवाला आहे, आणि तो जुना डिजिटल पण आहे, टाकला नाही. रिकाम्या केसेस आणि बुलेट वजनाने वेगळ्या काढायला तो छान चालतो, फक्त ट्यूबलाइट बंद करून.